वारा, बाहेरची वाट आणि रोमान्स : कोरियन भाषेतील प्रणयप्रतारणेची शब्दयोजना

प्रेमातील वा विवाहातील प्रतारणेला प्रत्येक भाषा अनेक नावे देते आणि त्यांपैकी एक निवडतानाच बोलणारा त्या कृतीविषयीचा आपला निवाडाही देऊन टाकतो. कोरियन भाषेत हे विशेष स्पष्टपणे दिसते. कारण तिच्या शब्दसंग्रहात देशी, चिनी मूळ असलेले आणि पाश्चात्त्य भाषांतून आलेले असे तीन थर सहज वेगळे करता येतात. एकाच कृतीचे नैतिक वजन या थरांनुसार कसे बदलते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम देशी थर. ‘बाराम’ म्हणजे वारा. ‘बाराम फिउदा’ हा प्रतारणा करणे या अर्थी बोलण्यातील सर्वांत रूढ प्रयोग होय. यातील ‘फिउदा’ हे क्रियापद विस्तव पेटविणे, फूल फुलविणे, तंबाखू ओढणे यांसाठीही योजतात. स्त्रियांमागे फिरणारा तो ‘बारामदुंगी’. उतारवयातील प्रेमप्रकरण म्हणजे ‘नुत्बाराम’, उशिराचा वारा. तर जोडीदाराच्या प्रतारणेला प्रतारणेनेच दिलेले उत्तर म्हणजे ‘मात्बाराम’, समोरून येणारा वारा. मुळा आतून भुसभुशीत निघाला तरी त्यात ‘वारा शिरला’ असे म्हणतात. मराठी वाचकाला येथे ‘वारा प्यालेले वासरू’ आठवेल. परंतु मराठीत या प्रतिमेचा रोख उधळलेपणावर आहे, प्रतारणेवर नाही.

‘हान्नुन फाल्दा’ म्हणजे लक्ष भलतीकडे जाणे. हा प्रयोग प्रियकराइतकाच वाटेत रेंगाळणाऱ्या मुलालाही लागू पडतो. ‘यांगदारी’ म्हणजे दोन्ही पाय. ते दोन ठिकाणी टाकणे, अर्थात एकाच वेळी दोघांशी प्रेमसंबंध ठेवणे. आपल्याकडील ‘दोन्ही डगरींवर हात ठेवणे’ याच्याशी त्याचे साम्य आहे. वारा, डोळा, पाय ही सर्व रूपके निसर्गातून व शरीरातून आलेली असून ती कर्त्याची जबाबदारी सौम्य करतात. वारा येतो आणि जातो, असा या रूपकाचा गर्भितार्थ असतो.

मात्र ही सवलत सर्वांना सारखी मिळत नाही. ‘बारामदुंगी’ म्हणताच बहुधा पुरुष डोळ्यांसमोर येतो आणि त्या उच्चारात थट्टेला जागा असते. स्त्रीला ‘वारा लागला’ म्हणताना ती उरत नाही. चोंग बी-सोक यांची ‘जायु बुइन’ (स्वतंत्र गृहिणी) ही कादंबरी 1954 मध्ये ‘सोल शिन्मुन’ या दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत नृत्यगृहाकडे वळलेल्या एका प्राध्यापकपत्नीचे चित्रण आहे. कादंबरीवर मोठे वादळ उठले. नृत्याच्या नादाला कोरियन भाषेत ‘छुम्बाराम’, नृत्याचा वारा, म्हणतात, हेही येथे ध्यानात घ्यावे.

चिनी मूळ असलेल्या शब्दांत सूर बदलतो. ‘वेदो’ म्हणजे बाहेरची वाट. चिनी बौद्ध वाङ्मयात संस्कृत ‘तीर्थिक’ या शब्दासाठी, म्हणजे बौद्धेतर पंथीयांसाठी, हीच दोन अक्षरे योजलेली आहेत. पंथाबाहेरची वाट पुढे घराबाहेरची झाली. मराठीतील ‘बाहेरख्याली’ या शब्दातही ‘बाहेर’ हाच निर्णायक घटक आहे. ‘बुल्ल्युन’ यातील ‘ल्युन’ म्हणजे कन्फ्यूशियन विचारातील मानवी नात्यांची व्यवस्था. तिचा भंग म्हणजे ‘बुल्ल्युन’. येथे अपराध केवळ जोडीदाराचा राहत नाही, तो समाजाचा ठरतो. जोसोन काळात पत्नीला घालवून देण्याच्या सात कारणांत व्यभिचाराबरोबर मत्सराचाही समावेश होता, म्हणजे पतीच्या वर्तनाविषयी तक्रार करणे हाही पत्नीचाच दोष!

‘गानथोंग’ हा कायद्याचा शब्द. जपानी अंमलात शिक्षा फक्त पत्नीला व तिच्या जाराला होत असे. दक्षिण कोरियाच्या 1953 च्या दंडसंहितेतील कलम 241 ने ती पतीलाही लागू केली. कमाल शिक्षा दोन वर्षांचा कारावास. घटना न्यायालयाने 26 फेब्रुवारी 2015 रोजी हे कलम रद्द केले. प्रतारणा तेव्हापासून गुन्हा राहिली नाही. घटस्फोटाचे कारण मात्र राहिली.

तिसरा थर ‘रोमान्स’ या परक्या शब्दाचा. ‘मी केले तर रोमान्स, दुसऱ्याने केले तर बुल्ल्युन’ या वाक्याच्या आद्याक्षरांपासून ‘नेरोनाम्बुल’ हा शब्द सिद्ध झाला आहे. हे वाक्य राजकारणात रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः पाक ही-थे या लोकप्रतिनिधीला, 1996 मधील त्याच्या उद्गारांमुळे, दिले जाते. आज ते राजकीय दुटप्पीपणाला उद्देशून वापरतात. ‘क्योसू शिन्मुन’ या प्राध्यापकांच्या वृत्तपत्राने 2020 चा प्रातिनिधिक शब्दप्रयोग म्हणून निवडलेला ‘आशिथाबी’ (मी बरोबर, दुसरा चूक) हा याच आशयाचा चिनी अक्षरांतील अवतार होय. शब्दांच्या थरांतून होणारा पक्षपात भाषकांनीच ओळखून त्याला नाव दिले, हे येथे महत्त्वाचे आहे.

अनुवादकाने या सर्वांसाठी ‘व्यभिचार’ हा एकच शब्द योजला, तर बोलणारी पत्नी आहे, न्यायाधीश आहे की थट्टा करणारा मित्र, हे वाचकाला कळणार नाही. म्हणून अशा ठिकाणी शब्दकोशातील अर्थाबरोबरच तो शब्द कोणाच्या तोंडी व कोणाविषयी आला आहे, हे अनुवादकाने आधी पाहिले पाहिजे.