घर ठाण्यात, मालक परदेशात

नोकरीसाठी देश सोडला की वर्ष-दोन वर्षांत मायदेशातल्या घराचं काम निघतंच. घोडबंदर रोडवरच्या टॉवरचा ताबा मिळालेला असतो, नाहीतर डोंबिवली पूर्वेचं आईबाबांचं जुनं घर त्यांच्या गुडघ्यांना झेपेल असं करून घ्यायचं असतं. सुट्टी जेमतेम तीन आठवड्यांची. तेवढ्यात इंटिरिअर डिझायनर ठरतो, थ्रीडी चित्रं पसंत पडतात, आगाऊ रक्कम जाते आणि आपण विमानात बसतो. पुढचं सगळं फोनवर. आखातात, अमेरिकेत, सिंगापुरात, ब्रिटनमध्ये स्थिरावलेली अनेक मराठी कुटुंबं या वाटेने गेली आहेत. नव्याने बाहेर पडलेल्यांसाठी त्यांच्या अनुभवांतून हे लिहिलं आहे. देश वेगळे, डिझायनर वेगळे, पण बहुतेकांचं काम बिघडलं ते एकाच ठिकाणी: पैसा कामाच्या पुढे गेला.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या. सुरुवातीला निम्मी रक्कम मागितली जाते. तोडफोड झपाट्याने होते, कारण तिला खर्च कमी आणि फोटोत काम मोठं दिसतं. मग ‘प्लायवुड बुक करायचंय’ म्हणून दुसरा हप्ता जातो. त्यानंतर काम मंदावतं. सुतार गावाला गेला, पीओपीवाला आजारी आहे, सोसायटीने लिफ्ट दिली नाही. यातलं थोडं खरंही असतं. होळीला, दिवाळीला, छटपूजेला कारागीर गावी जातातच आणि पावसाळ्यात पॉलिश वाळत नाही. पण महिना उलटला तरी माणूस दिसत नसेल, तर तुमचे पैसे खडकपाड्याच्या नाहीतर पलावाच्या दुसऱ्या एखाद्या साइटवर लागलेले असण्याची शक्यता मोठी. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर, तिसऱ्याच्या आगाऊ रकमेतून पहिल्याचं काम. डिझायनर आळशी आहे असं समजून आपण त्याला फोन करत राहतो आणि तिकडे सुताराला दोन आठवड्यांची मजुरीच मिळालेली नसते. म्हणून साइटवरच्या मुख्य मिस्त्रीचा नंबर पहिल्या दिवशीच घ्या आणि अधूनमधून त्याच्याशी आपुलकीने बोला. ‘मजुरी वेळेवर मिळते ना?’ एवढा एक प्रश्न विचारलात तरी पुढचं संकट आधी कळतं.

हप्ते तारखेला बांधू नका, डोळ्यांना दिसणाऱ्या कामाला बांधा. करार करताना दहा टक्के. तोडफोड आणि राडारोडा उचलून झाल्यावर पुढचा हप्ता. मग वायरिंग आणि प्लंबिंग, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, फरशी, लाकूडकाम, रंग, अशा एकेका टप्प्यावर पुढचे. शेवटचे दहा टक्के घर वापरून महिना झाल्यावरच. चांगला डिझायनर याला नाही म्हणत नाही. फार तर पहिला हप्ता थोडा वाढवून मागतो. कोणी निम्म्याच्या खाली उतरायलाच तयार नसेल तर दुसरा बघा. प्लायवुड, टाइल्स, नळ, स्विच यांचे पैसे शक्यतो थेट दुकानदाराला द्या, आपल्या एनआरओ खात्यातून आणि आपल्या नावाच्या बिलावर. डिझायनरकडे मजुरी आणि त्याची फी एवढंच राहू द्या. रोखीने दिलेली रक्कम पुढे कुठेच सिद्ध होत नाही. ‘जीएसटी वाचवू’ म्हणून बिल न देणारा माणूस उद्या तुमच्या हातात भांडायला कागद उरणार नाही याचीही सोय करत असतो. पावतीवरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासता येतो. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो.

कोटेशनमध्ये फसगत बहुधा मोजमापात असते. वॉर्डरोबचा दर चौरस फुटाला लिहिलेला असतो, पण माळा त्यात धरलाय की वेगळा, हे लिहिलेलं नसतं. किचनच्या ट्रॉल्यांचा दर रनिंग फुटाला असतो, पण आतल्या बास्केट आणि चॅनेल ‘एक्स्ट्रा’ निघतात. ‘बेस्ट क्वालिटी प्लाय’ या शब्दांना काही अर्थ नाही. आयएस ३०३ हे साध्या प्लायवुडचं मानक आणि आयएस ७१० मरीन प्लायवुडचं. किचन आणि बाथरूमच्या आसपास ७१० लागतं. कंपनी, मानक आणि जाडी तिन्ही करारात लिहून घ्या. लॅमिनेट एक मिलिमीटरचं, की त्याहून पातळ, तेही.

सिंगापूरला राहणाऱ्या एका ताईंनी जे केलं ते मला फार उपयोगी वाटलं. माल आला त्या दिवशी त्यांच्या मावसभावाने व्हिडिओ कॉलवर एकेक शीट उलटं करून दाखवलं. आठ बाय चारच्या पानावर आयएसआय चिन्ह आणि मानकाचा क्रमांक छापलेला असतो. वरच्या पानांवर ७१० होतं, खाली ढिगात साधं ३०३ निघालं. कापायला सुरुवात झालेली नव्हती, म्हणून माल तिथूनच परत गेला. दोन दिवसांनी कॉल केला असता तर सगळ्या पानांवर लॅमिनेट चढलेलं असतं आणि आत काय आहे ते पहिल्या पावसाळ्यात फुगल्यावर कळलं असतं. तीच गोष्ट भिंतींची. प्लास्टर होण्याआधी उघड्या झिऱ्यांचे, पाइपांचे आणि वायरींचे फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी धरून. एसी आणि गिझरच्या लाइनला जाड वायर टाकली का, ते वायरीच्या बंडलावरचा आकडा वाचून बघा. बाथरूममध्ये वॉटरप्रूफिंग झालं की निदान ४८ तास पाणी भरून ठेवायला लावा आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना छत बघायला सांगा. ही चाचणी टाळणाऱ्याला पुढचा हप्ता देऊ नका.

आता ‘डिझायनर’ या पाटीविषयी. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते. इंटिरिअर डिझायनरला असं काही बंधन नाही. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स ही संस्थाही १९७२ पासून आहे, पण तिचं सभासदत्व ऐच्छिक. म्हणजे परवाना रद्द होईल या भीतीने कोणी नीट वागेल, ही आशा सोडा. त्याच्या इन्स्टाग्रामवरची चित्रं बघण्यापेक्षा दोन-तीन वर्षांपूर्वी त्याने केलेलं घर बघा. त्या घरातल्या वहिनींना ड्रॉवर उघडून दाखवायला सांगा आणि शेवटचे पैसे दिल्यावर तो फोन उचलत होता का, हेही विचारा.

साइटवर लक्ष कोणी ठेवायचं, हा सगळ्यात नाजूक प्रश्न आहे. बहुतेक जण ते आईबाबांवर टाकतात. कृपा करून टाकू नका. न्यू जर्सीच्या एका कुटुंबात सत्तरी ओलांडलेले वडील रोज रिक्षाने रामनगरहून साइटवर जात. भारतात सकाळी दहाला सुतार येतो तेव्हा तिकडे मध्यरात्र झालेली असते, त्यामुळे मुलाला विचारायची सोय नाही. डिझायनर त्यांना ‘काका, तुम्ही टेन्शन घेऊ नका’ म्हणून चहा पाजायचा आणि पुढच्या हप्त्याचा निरोप त्यांच्याच तोंडून पाठवायचा. मुलाने पैसे अडवले की घरी येऊन बसायचा. गोष्ट वडिलांचा रक्तदाब वाढण्यापर्यंत गेली. पैशाचं बोलणं तुम्हीच करा, लेखी करा, आणि तसं डिझायनरला पहिल्याच दिवशी सांगा. देखरेखीला स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअर ठरवा. ठाणे-डोंबिवलीत भेटीमागे फी घेऊन प्रत्येक टप्पा तपासून देणारे निवृत्त इंजिनिअर मिळतात. त्याची नेमणूक मात्र डिझायनरने सुचवलेली नसावी.

भिंत काढून हॉल मोठा करायचा मोह होतो. इथे मी अगदी हट्टाने सांगते: सोसायटीची लेखी परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय हातात आल्याशिवाय हातोडा पडू देऊ नका. २० मे २०२५ ला कल्याण पूर्वेच्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचं काम चालू असताना स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांवर आदळला. सहा जण गेले, त्यात एक लहान मूलही होतं. ज्या घरात काम चालू होतं त्याच्या मालकावर गुन्हा दाखल झाला. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडून १७ जण दगावले, तेव्हाही तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना हात लावल्याचा आरोप होता. डिझायनर ‘ही भिंत लोड घेत नाही’ म्हणाला, एवढं पुरेसं नाही. खाली राहणाऱ्यांच्या जिवाची जबाबदारी मालकाची आहे, मग तो कुठल्याही देशात असो. जुन्या फरशीवर नवी फरशी चढवली की स्लॅबवरचं वजन वाढतं, हेही डोंबिवलीच्या जुन्या इमारतींत विसरू नका. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. कामाआधी सोसायटीकडून तो अहवाल मागून वाचा.

नव्या टॉवरमधल्यांसाठी एक वेगळी सूचना. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत निघालेले बांधकामातले दोष बिल्डरला स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावे लागतात. पण तुम्ही बाथरूम फोडलंत आणि मग गळती निघाली, तर बिल्डर तुमच्या डिझायनरकडे बोट दाखवतो आणि डिझायनर बिल्डरकडे. काम सुरू होण्याआधी घराचे तारखेसह फोटो घ्या आणि गळती असेल तर तिची लेखी तक्रार आधी करा.

इतकं करूनही काम अडलं तर? पहिली गोष्ट, पैसे थांबवा. ‘पन्नास हजार टाका, उद्या माणसं लावतो’ यावर विश्वास ठेवून आणखी पैसे घालवणारी कुटुंबं पुष्कळ भेटली. दुसरी, ईमेलने पंधरा दिवसांची मुदत देऊन काय राहिलंय ते खोलीवार लिहा. मुदत संपल्यावर तुमच्या इंजिनिअरकडून झालेल्या कामाचं मोजमाप, व्हिडिओ आणि सहीचा अहवाल करून घ्या. हा अहवाल होईपर्यंत नव्या ठेकेदाराला खिळाही ठोकू देऊ नका, नाहीतर कोणाचं काम कोणतं हे पुढे ठरवता येत नाही. मग कराराचा शेवट लेखी कळवा, सोसायटीच्या वॉचमनला नावं द्या आणि कुलूप बदला. डिझायनरकडे चावी राहिली तर रात्रीत प्लायवुड आणि नळ जातात. सुतारांची मजुरी थकली असेल तर ते तुमच्या दारात येतील. त्यांच्याशी भांडू नका, तेही त्याच माणसाने बुडवलेले असतात. राहिलेलं काम तेच चांगलं ओळखतात, तेव्हा पटलं तर ते त्यांच्याकडूनच थेट, रोजच्या मजुरीवर करून घ्या.

पोलिसांकडे गेलात तर ‘हा दिवाणी मामला आहे’ हे उत्तर बहुधा मिळेल. बोगस बिलं किंवा सुरुवातीपासूनचा फसवणुकीचा हेतू दाखवता आला तर गोष्ट वेगळी. खरा रस्ता ग्राहक आयोगाचा. २०१९ च्या ग्राहक कायद्याखालच्या नियमांप्रमाणे दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे, म्हणजे ठाण्यात. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, २० ते ५० लाखांना एक हजार रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार गेली पाहिजे, आणि परदेशातून ‘बघू पुढच्या सुट्टीत’ म्हणता म्हणता नेमकी हीच मुदत निघून जाते. समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये ही मर्यादा पक्की केली आहे. तरी निकालाला वेळ लागतो, हे धरून चाला. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघा. १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीचं मार्गदर्शनही घेता येतं.

तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि अर्ज केल्यास व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणीची तरतूद कायद्यात आहे. प्रत्यक्ष हजर राहायला भावाला किंवा बहिणीला कुलमुखत्यारपत्र द्यायचं असेल, तर ते तुमच्या देशातल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवा. महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. त्यात फक्त या तक्रारीपुरते अधिकार लिहा, घर विकण्याचे नकोत. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुरावा म्हणून चालतं, पण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं. म्हणून तो फोन विकू नका, गप्पांचा बॅकअप घ्या आणि डिझायनरने तोंडी काही कबूल केलं की लगेच ‘आत्ता ठरल्याप्रमाणे’ असं लिहून त्याला पाठवा.