महागडे रबर लावल्याने खेळ सुधारतो का?

शाळेच्या किंवा तालुक्याच्या सामन्यांत टेबल टेनिस खेळू लागलेल्या मुलांना एक प्रश्न हमखास पडतो. मोठे खेळाडू वापरतात तसे रबर आपल्या बॅटला लावले, तर आपला खेळ सुधारेल का? कर्जत-खोपोलीची मुले लोकलने मुंबईला जातात, धोबी तलावच्या दुकानांत चौकशी करतात आणि किंमत ऐकून गप्प होतात. एका बाजूच्या रबरालाच काही हजार रुपये पडतात, आणि बाजू तर दोन! एवढे पैसे वडिलांकडे मागावेत की नाही, हे ठरवायला पदार्थविज्ञान थोडी मदत करू शकते.

मुंबईतली एक जुनी गोष्ट

बॅटमुळे सामना फिरतो, हे खोटे नाही. १९५२ साली जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत भरली होती. तोपर्यंत बहुतेक खेळाडू लाकडावर नुसते दाणेदार रबर लावून खेळत. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन आला आणि पुरुष एकेरीचे अजिंक्यपद घेऊन गेला. स्पंजवर चेंडू आपटल्याचा नेहमीचा ‘टक्’ असा आवाजही येत नसे, त्यामुळे प्रतिस्पर्धी गोंधळून जात. पुढे १९५९ मध्ये नियम झाला. स्पंज आणि त्यावरचे रबर मिळून जाडी ४ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये, हा नियम आजही आहे. म्हणजे स्वस्त काय आणि महाग काय, सगळा खेळ या ४ मिलिमीटरांतच चालतो.

रबर नेमके काय करते?

चेंडूचे वस्तुमान अवघे २.७ ग्रॅम आणि व्यास ४० मिलिमीटर. तो बॅटला सुमारे एक सहस्रांश सेकंदच चिकटून असतो. तेवढ्या वेळात दोन गोष्टी घडतात. स्पंज दबतो आणि पुन्हा फुगताना चेंडूला ऊर्जा परत देतो, ही स्थितिस्थापकता. त्याच वेळी वरचे रबर चेंडूचा पृष्ठभाग पकडून त्याला फिरवते, हे घर्षण. महागड्या रबरात या दोन्ही गोष्टी अधिक असतात. परंतु एक मुद्दा ध्यानात ठेवा. रबर ऊर्जा निर्माण करीत नाही. तुमच्या हाताने जी दिली, तिच्यातली कमी वाया घालवते, एवढेच.

प्रयोग १ : उसळी मोजा

बॅट टेबलावर आडवी ठेवा, मूठ कडेबाहेर राहू द्या आणि ती घट्ट दाबून धरा. शेजारी पट्टी उभी करा. ३० सेंटिमीटर उंचीवरून चेंडू सोडा आणि तो किती उंच उसळतो ते पाहा. दहा वेळा मोजून सरासरी काढा. उसळीची उंची भागिले ३० करून वर्गमूळ घेतले, की आपटण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या वेगांचे गुणोत्तर मिळते. खेळाच्या प्रमाणित टेबलावर चेंडू ३० वरून सुमारे २३ सेंटिमीटर उसळला पाहिजे, असा नियम आहे. तेव्हा हे गुणोत्तर सुमारे ०.८८ येते. आता मित्रांच्या वेगवेगळ्या बॅटी घेऊन तुलना करा.

येथे एक मौज आहे. ३० सेंटिमीटरवरून पडणाऱ्या चेंडूचा वेग सेकंदाला सुमारे २.४ मीटर असतो. जोरदार फटक्यात बॅट आणि चेंडू एकमेकांवर सेकंदाला १० मीटर वेगाने आदळले, तर गतिज ऊर्जा सुमारे सतरा पट होते. तेव्हाच स्पंज खोलवर दबतो आणि उंची स्पंजाचा खरा गुण दिसतो. ज्याचा फटका हलका आहे, त्याच्या हाती हा गुण झोपूनच राहतो.

वेग वाढला की काय होते?

समजा, टेबलाच्या आपल्या कडेवर, पृष्ठभागापासून ३० सेंटिमीटर उंचीवरून तुम्ही चेंडू अगदी आडवा मारला. हवेचा विरोध आणि फिरकी तूर्त सोडून देऊ. चेंडू खाली यायला सुमारे ०.२५ सेकंद लागतो. वेग सेकंदाला १० मीटर असेल, तर तो २.५ मीटरवर पडेल. टेबलाची लांबी २.७४ मीटर, म्हणजे चेंडू आत. तोच फटका अधिक उसळीच्या रबराने सेकंदाला १२ मीटर वेगाने गेला, तर चेंडू जवळजवळ ३ मीटरवर पडेल, म्हणजे बाहेर!

उलट वेग ८ मीटरहून कमी झाला, तर १५.२५ सेंटिमीटर उंचीची जाळी आड येईल. थोडक्यात, या फटक्याला सुमारे ८ ते ११ मीटर एवढीच मोकळीक आहे. मग मोठे खेळाडू याहून कितीतरी जोराने कसे मारतात? ते चेंडूला पुढे लोळणारी फिरकी, म्हणजे टॉपस्पिन देतात. अशा चेंडूला हवा खाली ढकलते. यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. निष्णात खेळाडूचा चेंडू सेकंदाला शंभराहून अधिक फेऱ्या घेतो. ही फिरकी मनगट, कोपर आणि कंबर यांच्या सरावातून येते. सराव नसताना वेगवान रबर लावले, तर चेंडू बाहेर जाण्याची सोय मात्र होते.

आणखी एक अडचण आहे. पकड दोन्हीकडून काम करते. प्रतिस्पर्ध्याने फिरकी दिलेला चेंडू तुमचे चिकट रबर तितक्याच इमानाने पकडते आणि बॅटचा कोन जरा चुकला, की तो भलतीकडे उडतो.

प्रयोग २ : पकड मोजा

जाड पुठ्ठ्याच्या त्रिकोणाखाली तीन कोपऱ्यांना तीन जुने चेंडू चिकटवा. वर १०० ग्रॅमचे वजन ठेवा आणि सगळे मिळून किती भरते ते तराजूवर पाहा. हा तिपाया बॅटवर ठेवून, चेंडूंजवळ दोरी बांधून, प्रयोगशाळेतल्या ताणकाट्याने आडवा ओढा. तो सरकू लागताना काट्याने दाखवलेले वजन भागिले एकूण वजन, हा घर्षणाचा गुणांक. आता रबर ओल्या स्पंजाने पुसा, सुकू द्या आणि पुन्हा मोजा. धुळीने किती पकड खाल्ली होती ते कळेल. हा सुधार फुकट आहे!

आपल्या कर्जत-खालापूरकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट असते, की रबरावर ओलाव्याचा पातळ थर बसून चेंडू घसरतो. तेव्हा हजारांचे रबरही साध्या रबरासारखेच वागते. शिवाय ऊन, ऑक्सिजन आणि ओझोन यांमुळे रबर हळूहळू कडक होते. किंमत पाहून ते थांबत नाहीत. व्यावसायिक खेळाडू काही आठवड्यांनीच रबर बदलतात. आपल्याला ते परवडेल का?

मग काय घ्यावे?

अगदी स्वस्त तयार बॅटीचे गुळगुळीत रबरही टाळावे, कारण त्यावर फिरकी देणे शिकताच येत नाही. चांगली पकड असलेले, १.५ ते १.८ मिलिमीटर स्पंजाचे मध्यम वेगाचे रबर आणि पाच थरांचे साधे लाकूड विद्यार्थ्याला पुष्कळ झाले. उरलेल्या पैशांत डझनभर चेंडू घ्या आणि सराव वाढवा. खेळून झाल्यावर रबर पुसा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद लावा आणि बॅट उन्हात ठेवू नका.

महाग रबर कधी घ्यावे? माझा साधा अडाखा असा. पूर्ण जोराने मारलेल्या २५ टॉपस्पिनपैकी २० टेबलावर पडू लागले आणि तरीही चेंडू हवा तितका वेगाने जात नाही असे वाटले, तर समजावे की आता हात रबराच्या पुढे गेला आहे. तोवर मोठा खर्च नको.

करून पाहा : वरच्या उदाहरणात चेंडू ३० ऐवजी २० सेंटिमीटर उंचीवरून आडवा मारला, तर वेगाची मोकळीक किती उरते? गणित करा आणि उत्तराचा अर्थ वर्गात सांगा.