'शल्की' पाणबुडी आणि शिकलेली विद्या

— बी. ए. द्वितीय वर्ष

आमच्या केदारखेड्याला पूर्णा नदी आहे, समुद्र मात्र चारशे किलोमीटर दूर. अशा गावच्या विद्यार्थ्याने पाणबुडीवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु भारतात बांधलेली पहिली पाणबुडी आपल्या मुंबईत तयार झाली, आणि तिच्या इतिहासात आपल्यासारख्यांनी घेण्याजोगा धडा आहे. म्हणून हा प्रयत्न.

प्रथम पाणबुडी कशी चालते ते पाहू. तिच्या टाक्यांत समुद्राचे पाणी घेतले की ती बुडते. दाबलेल्या हवेने ते बाहेर लोटले की वर येते. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली ती बॅटरीवर चालते. दर दहा मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब वाढतो. शंभर मीटरवर तो दहा किलो होतो. सांधा थोडा जरी कच्चा राहिला तरी सर्वांचे प्राण जातात. म्हणून पाणबुडीची खरी परीक्षा वेल्डिंग करणाऱ्या कामगाराच्या हाताची असते.

या विद्येत जर्मनी पुढे होता. १९३५ पासून त्याने किनाऱ्याजवळ वापरायच्या लहान पाणबुड्या बांधल्या. त्यांपैकी एका प्रकाराची लांबी सुमारे ४३ मीटर, माणसे २५ आणि पाणतीर अवघे पाच. खलाशी तिला थट्टेने 'एका ओंडक्याची होडी' म्हणत. दुसऱ्या महायुद्धात अशा सहा पाणबुड्या सुट्या करून एल्बे नदी, रस्ता आणि डॅन्यूब नदी या मार्गाने काळ्या समुद्रात नेल्या. १९४४ मध्ये त्या सहाही संपल्या. त्यांपैकी तीन तर खलाशांनीच तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ बुडविल्या.

जर्मनी हरला, पण विद्या राहिली. युद्धात पाणबुडीवर अभियंता असलेल्या उलरिख गाबलर यांनी पुढे नव्या पाणबुड्यांचे आराखडे केले. अशाच आराखड्याच्या चार पाणबुड्यांसाठी भारताने डिसेंबर १९८१ मध्ये कील येथील कारखान्याशी करार केला. 'शिशुमार' व 'शंकुश' तिकडे बांधल्या गेल्या आणि १९८६ मध्ये नौदलात आल्या. उरलेल्या दोन मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये आपल्या माणसांनी बांधायच्या होत्या. त्यासाठी आपले तंत्रज्ञ कीलला जाऊन शिकून आले.

'शल्की' ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे ६४ मीटर, पाण्याखालील वजन सुमारे १,८५० टन, माणसे ४०. संकटात सर्वांना वर आणू शकेल असा सुटा होणारा गोलही तिच्यात आहे. १९९४ मध्ये तिची बहीण 'शंकुल' आली.

येथेच दुःखाची गोष्ट घडली. आणखी दोन पाणबुड्यांचा बेत दलालीच्या आरोपांमुळे बारगळला. 'शंकुल'नंतर हाताला काम उरले नाही. शिकलेली माणसे पांगली, काही निवृत्त झाली. पुढचा करार २००५ मध्ये झाला, तोही फ्रेंच आराखड्यासाठी. आणि त्यातली पहिली 'कलवरी' १४ डिसेंबर २०१७ रोजी दाखल झाली. मधे तेवीस वर्षे गेली! पुष्कळसे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले.

हे वाचताना मला माझे वडील आठवले. प्रौढ साक्षरता वर्गात ते अक्षरे शिकले होते. पण नंतर औत, बैल आणि उधारी यांतून हाती पुस्तक कधी आलेच नाही. आज ते सहीपुरतीच अक्षरे काढतात. बुद्धी कमी नव्हती, सराव तुटला. व्यक्तीचे जे होते तेच कारखान्याचे आणि देशाचेही होते.

समाधानाची बाब अशी, की त्या करारातील सहाही पाणबुड्या आता माझगावने पूर्ण केल्या आहेत. एकीचे नाव शिवरायांच्या जलदुर्गावरून 'खांदेरी' आहे. २०२३ मध्ये जुन्या 'शंकुश'च्या मोठ्या दुरुस्तीचे २,७२५ कोटी रुपयांचे कामही माझगावलाच मिळाले. जे जर्मनांकडून शिकलो, ते पुन्हा हाताखाली आले.

आपल्यापैकी अनेकजण घरातले पहिलेच महाविद्यालयात आलेले आहेत. पदवी मिळाली म्हणजे 'शल्की' पाण्यात उतरली एवढेच. त्यानंतर गावी परतल्यावर आपण रोज काय वाचतो, काय लिहितो आणि कोणाला शिकवतो, यावर पुढच्या पिढीला पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागेल की नाही हे ठरणार आहे.