पाण्याकडे पाहताना



डोंगरावरील प्रवचनात (मत्तय ६:२५-३४) प्रभू येशू आपल्याला आकाशातल्या पाखरांकडे पाहायला सांगतो. रानातल्या भूकमळांविषयी मात्र मूळ ग्रीक शुभवर्तमानात वेगळे क्रियापद येते : 'कातामाथेते', म्हणजे नीट निरखून शिका. आणि हे तो सांगतो उद्याच्या चिंतेविषयी बोलताना.

ही चिंता आपल्याला नदीने चांगलीच शिकवली आहे. पंचगंगा कृष्णेला मिळते तिथेच आपले गाव. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आपण पाण्याकडे पाहतो ते किती फूट चढले एवढ्यासाठीच. पावसाळ्यात ते पाहायलाच हवे. जनावरे वेळेत हलवणे हा काही अविश्वास नव्हे. पण दिवाळीनंतर पाणी निवळते, तरी आपली नजर तीच राहते. संत ऑगस्टीन (३५४-४३०) 'कन्फेशन्स'च्या अकराव्या भागात म्हणतात, की भूतकाळ आपल्या मनात स्मरण म्हणून असतो, भविष्यकाळ अपेक्षा म्हणून आणि वर्तमान लक्ष म्हणून. आपण घाटावर उभे असतो, पण मनाने बहुधा २०१९ मध्ये, नाहीतर पुढच्या ऑगस्टमध्ये.

यंदा पाणी उतरल्यावर आपण मोबाईल खिशात ठेवून घाटाच्या पायरीवर दहा मिनिटे बसू या. खंड्या सूर मारण्याआधी किती वेळ स्थिर असतो, ते पाहू या. उसाला आलेला तुरा शेतकऱ्याला नकोसा, तरी तो वाऱ्यावर कसा डुलतो, तेही पाहू या. मुलांनाही बरोबर नेऊ. पुराच्या गोष्टी त्यांनी पुष्कळ ऐकल्या आहेत. खंड्या त्यांना कुणी दाखवला असेलच असे नाही.