हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका

‘ब्रश केला की रक्त येतं, म्हणून त्या बाजूने घासतच नाही,’ असं सांगणारे रुग्ण किरनापुर परिसरातून नेहमी येतात. रक्त दिसलं की हात मागे घ्यावासा वाटतोच. पण त्यामुळेच आजार वाढतो, हे मला आज अगदी कळकळीने सांगायचं आहे.

डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या; घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आजही दंतवैद्यकात शिकवला जातो.

मग न घासणाऱ्या सगळ्यांचेच दात का पडत नाहीत? लो यांनीच पुढे श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० कामगारांच्या हिरड्यांचा १९७० पासून १५ वर्षं मागोवा घेतला. ब्रश कोणीच करत नव्हतं, किटण सगळ्यांच्याच दातांवर. तरी सुमारे ८ टक्के लोकांचा आजार झपाट्याने वाढला आणि ११ टक्क्यांचा नुसत्या सुजेपलीकडे गेलाच नाही.

हा फरक कुठून येतो, हे शोधण्यात आज पीएच.डी. करणारे कितीतरी तरुण संशोधक गुंतले आहेत. दात आणि हिरडी यांच्या फटीत कागदाची बारीक काडी क्षणभर ठेवायची, तिने शोषलेल्या द्रवातल्या जंतूंचा डीएनए वाचायचा, असं हे काम. माणसांच्या तोंडात जंतूंच्या सुमारे ७०० जाती आढळल्या आहेत. बहुतेक निरुपद्रवी, काही तर उपयोगी. पण किटणामुळे हिरडी सुजली की फट खोल होते, आत प्राणवायू पोचत नाही आणि पोर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जंतू माजतात. सुजेतून झिरपणारी प्रथिनं आणि रक्तातलं लोह हाच त्यांचा आहार. सूज जंतूंना पोसते, जंतू सूज वाढवतात आणि दाताखालचं हाड विरघळू लागतं. एकदा गेलेलं हाड आपोआप परत येत नाही.

नुसत्या गुळण्यांनी हे चक्र तुटत नाही. डच संशोधक लेव्हेनहुकने १६८३ मध्येच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहिलं होतं की व्हिनेगरने चूळ भरली तरी किटणाच्या वरवरचेच जंतू मरतात, आतले जिवंत राहतात. थर रोज घासून मोडावाच लागतो. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवून दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री झोपताना. रोवणीच्या दिवसांत थकून आलात तरी रात्रीचं चुकवू नका. कडुलिंबाची काडी चालेल, पण मागच्या दाढांच्या फटीत ती पोचत नाही.

खर्रा आणि गुडाखूबद्दल स्पष्टच बोलतो. गुडाखूने दात घासले की बरं वाटतं ते तंबाखूमुळे; हिरडी त्याने बरी होत नाही. खर्रा जिथे धरता तिथली हिरडी खाली सरकते, सुपारीने तोंड उघडणं कमी होत जातं. बिडी ओढणाऱ्यांचं तर रक्तही कमी येतं, त्यामुळे आजार आतल्या आत वाढतो आणि दात हलायला लागल्यावरच कळतो.

मधुमेह असेल तर हिरड्यांच्या या आजाराचा धोका सुमारे तिप्पट असतो. उलट हिरड्या बऱ्या केल्या की साखर आटोक्यात यायलाही थोडी मदत होते.

किटण काढल्याने दात ढिले होतात, ही भीती मनातून काढा. किटण निघाल्यावर आधीच पडलेल्या फटी दिसतात, इतकंच. दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, पू आला किंवा दात हलू लागला, तर दंतवैद्याकडे जा; अवघड उपचारांसाठी नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम असेल, तर त्याच दिवशी दाखवा. हिरड्यांच्या रक्ताबरोबर ताप किंवा अंगावर निळे डाग असतील, तर आधी रक्त तपासून घ्या.