गिझर गळतोय? आधी जागा शोधा, मग कर्ज मागा



गेल्या महिन्यात कामथडीतल्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हिशोब लिहून झाला आणि कर्जमागणीला एक ताई म्हणाल्या, "मला 8,000 पाहिजेत. गिझर गळतोय. दुरुस्तीवाला म्हणतो टाकी गेली, नवाच घ्या." गट मंजूर करायच्या बेतात होता, तेवढ्यात कोपऱ्यातून एका आजींनी विचारलं, "पण गळतोय कुठनं?"

ताईंना सांगता येईना. मलाही येईना, समाजकार्याच्या कॉलेजात गिझर शिकवत नाहीत! मग आम्ही तिघी ताईंच्या घरी गेलो, गावातल्या वायरमन काकांना बोलावलं. त्या दिवशी जे कळलं ते तुमच्यासाठी लिहितेय.

सगळ्यात आधी वीज. नुसतं बटण बंद करून भागत नाही, बोर्डावरचा मेन स्विच खाली पाडा. पाणी वायरीवर किंवा प्लगवर येत असेल तर गिझरला आणि नळाला हात लावू नका, शॉक पाण्यातूनही बसतो. गिझर थंड होऊ द्या. मग जुन्या साडीच्या फडक्याने तो बाहेरून, खालून, नळ्यांभोवती अगदी कोरडा पुसा आणि बघत बसा. पाण्याचा कॉक चालू ठेवा, नाहीतर गळती दिसणारच नाही. पहिला ओला ठिपका जिथं येतो तिथं दुखणं.

नळ्यांच्या जोडावर ठिपका आला तर जीव भांड्यात पडू द्या. उष्णतेनं रबरी वॉशर कडक होतो, टेप सुटते. नवा वॉशर आणि पांढरी टेफ्लॉन टेप, काम झालं. मात्र गरम पाण्याच्या बाजूला साधा पीव्हीसी पाईप लावला असेल तर तो मऊ पडून परत परत गळणार. तिथं सीपीव्हीसी मागून घ्या.

आता व्हॉल्व्हचं. हे नीट वाचा. थंड पाणी गिझरमध्ये जातं त्या नळीवर पितळेचा छोटा व्हॉल्व्ह असतो. पाणी तापलं की फुगतं. 15 लिटरचा गिझर चांगला तापला की आतलं पाणी पाव लिटरहून थोडं जास्तच वाढतं. ते मागं जायला वाट नसेल, तर याच व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर येतं. म्हणजे गिझर तापताना थोडं ठिबकणं हा बिघाड नाहीच. गिझर थंड असतानाही ठिबकत असेल, तर आत कचरा किंवा क्षार अडकलाय, रिंग झिजलीय किंवा मोटारीचा दाब फार आहे.

आमच्या ताईंचा व्हॉल्व्हच गळत होता. टाकीला काही झालं नव्हतं. आणि खरं भ्यायला झालं ते पुढं: पाणी थांबावं म्हणून घरातल्या कुणीतरी त्याच्या तोंडावर एम-सील लिंपलं होतं! कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कुणी कणीक कोंबतं का? थर्मोस्टॅट बिघडून पाणी तापतच राहिलं, तर दाब बाहेर जायला जागा नाही. टाकी फुटू शकते, आणि बाथरूममध्ये त्या वेळी पोर आंघोळ करत असेल.

तळाला, जिथं कॉइल बसवलेली असते, तिथून पाणी येत असेल तर आतलं रबरी गास्केट गेलेलं असतं. गास्केट स्वस्त असतं, पण तिथंच विजेची जोडणी असते. हे काम घरी करायचं नाही, मुलगा कितीही हुशार असला तरी.

आणि बाहेरच्या पत्र्याच्या कडेतून तांबूस पाणी झिरपत असेल, तर मात्र आतली टाकी गंजलीय. तिला डागडुजी नसते. असं लवकर का होतं? बोअरच्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो ना, तोच थर कॉइलवर आणि टाकीत बसतो. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजापासून वाचवते. जड पाण्यात ती लवकर संपते, म्हणून वर्षातून एकदा गिझर उघडून क्षार काढायला आणि कांडी बघायला सांगा. नवा घ्यायच्या आधी जुन्याचं कार्ड शोधा. टाकीची गॅरंटी बहुतेक वेळा बाकीच्या भागांपेक्षा जास्त वर्षांची असते.

गॅस गिझर असेल आणि वास आला, तर पाण्याचं नंतर बघा. सिलेंडर बंद, खिडक्या उघड्या, काडी नाही की बटण नाही.

ताईंनी शेवटी गटाकडून 700 रुपये घेतले. नवा व्हॉल्व्ह बसला, बाकीचे पैसे गटातच राहिले. जिनं तो प्रश्न विचारला त्या आजींकडे मात्र अजून तांब्याचा बंबच आहे, आणि तोही गळतोय. नातवानं पाणी न भरताच पेटवला आणि तळाची झाळ वितळली. पुण्याला तांबट आळीपर्यंत बंब न्यायचा म्हणजे येण्याजाण्याचा खर्च. भोर किंवा नसरापूरकडं कुणी झाळून देणारं तुमच्या माहितीत असेल, तर पुढच्या बैठकीत मला सांगा.