एका कानाचे दडे आणि उपचाराची घाई



जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये राबणाऱ्या तरुणाला एका कानाने ऐकू येईनासे झाले, की तो यंत्रांच्या आवाजाला दोष देतो आणि पाळीवर जातच राहतो. परंतु गोंगाटाने येणारा बहिरेपणा सहसा दोन्ही कानांत, वर्षानुवर्षे हळूहळू वाढत येतो, त्यामुळे एकच कान अचानक बंद पडल्यास कारण दुसरीकडे शोधावे लागते. दुसरा कान शाबूत असल्याने बोलणे-चालणे निभावते आणि त्या निभावण्यातच उपचाराचे दिवस निघून जातात, हे चिरंजीव भाच्याने ध्यानात घ्यावे.

‘कानाला दडे बसले’ या एकाच तक्रारीमागे दोन भिन्न अवस्था असू शकतात. मळाचा बोळा, पडद्याला पडलेले छिद्र किंवा पडद्यामागे साचलेले पाणी यांमुळे ध्वनीची वाटच अडते, तेव्हा त्यास वहनदोष म्हणतात. आणि अंतःकर्णातील शंखिका, म्हणजे ध्वनिकंपनांचे मज्जासंदेशांत रूपांतर करणारी वेटोळी नलिका, किंवा तिच्यापासून मेंदूकडे जाणारी नस बिघडते, तेव्हा तो संवेदनदोष ठरतो. रुग्णाला दोन्ही सारखेच भासतात. कंप पावणारा नादकाटा कपाळाच्या मध्यावर टेकवला असता वहनदोषात आवाज बिघडलेल्या कानाकडे आणि संवेदनदोषात चांगल्या कानाकडे सरकल्यासारखा वाटतो, आणि ऑडिओमेट्री या यंत्रचाचणीने किती ऐकू येते हे डेसिबलमध्ये मोजता येते. 72 तासांच्या आत उद्भवलेला संवेदनदोष ही वैद्यकात तातडीची बाब मानली जाते. बहुतेकांत त्याचे नेमके कारण सापडत नाही, तरीही स्टेरॉइडचे औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्यास श्रवण परतण्याची आशा अधिक असते. क्वचित श्रवणनसेवर कर्करोग नसलेली गाठ वाढत असते आणि ती एमआरआय तपासणीत दिसते.

म्हणून घरगुती उपायाखातर लसणाचे कोमट तेल कानात सोडणे सर्वथा अयोग्य होय, कारण पडद्याला छिद्र असल्यास ते मध्यकर्णात उतरून अपाय करते आणि नस बिघडली असल्यास मोलाचे दिवस वाया घालवते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोष दोन्ही कानांचा धरला जातो, म्हणून एका कानाचा दोष त्या व्याख्येत बसत नाही. मात्र आवाज कोणत्या दिशेने येतो हे ओळखण्यास दोन्ही कान लागतात, आणि क्रेनखाली काम करणाऱ्याच्या जिवाशी ही उणीव थेट भिडते.

जालन्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांची भेट घ्यावी, पुढील तपासणीची गरज पडल्यास छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय जवळच आहे. ऐकू येणे कोणत्या तारखेपासून कमी झाले, चक्कर येते का, कानात आवाज घुमतो का, हे स्पष्ट सांगावे. मधुमेह असल्यास तोही लपवू नये, कारण स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते. पाळीच्या सुट्टीची वाट न पाहता चिरंजीवाने उद्या सकाळीच रुग्णालय गाठावे.